बाजू बदलताना

दिवाळे गावात मी केबल टाकली,
पहिली तार तांडेलांच्या माडावरून नेली होती.
महिन्याचे साठ रुपये.
फुकट काहीच नव्हतं, हे आधीच सांगतो,
कारण हल्ली सगळे माझ्याबद्दल फार गोड बोलतात.

फुकट नव्हतं, पण वही होती.
जाळ्यात काही आलं नाही तर, पुढच्या उधाणाला दे.
हसुरामचे अकरा महिने अजून थकलेत.
वही आहे, हसुराम नाही.

एकशे बेचाळीस नंबर. रात्री साडेअकरानंतर
कुठल्याशा देशाची पांढरी वाळू,
जाळीच्या अलीकडे दोघी, पलीकडे दोघी,
आणि जेट्टीवरच्या शेडमध्ये, डोलीच्या ढिगावर बसलेली
सोळा-सतरा माणसं.
टीव्हीचा आवाज बंदच ठेवायचो.
समालोचन कळणारा एकच होता, तोही झोपायचा.

प्रमिला आणि हेमलता, जावा-जावा, तिथेच शिकल्या.
पाठीमागे हात.
एक बोट म्हणजे रेषेवर अडवते,
दोन म्हणजे तिरपा,
मूठ म्हणजे तुझं तू बघ.
पुढे ही भाषा स्वयंपाकघरातही गेली,
सासू समोर असायची आणि हेमलताची पाठीमागे मूठ.

उपसा बंद पडला त्या वर्षी
बंदरावर उरलेली रेती कोणी उचलली नाही.
ती आम्ही पसरली. काळी, ओलसर, खाडीचा वास असलेली.
शिंपल्या वेचायला तीन रविवार गेले.
टीव्हीवरच्यासारखी दिसत नव्हती,
पण पडल्यावर लागायचं नाही.

या मोसमात एकशे बेचाळीसवर निळा पडदा आला.
हे सामने आता आमच्या ॲपवर.
निळा छान होता.
लोकांनी मला फोन केले, तार तुटली का रे?
माहीत असूनही शिडी लावली, खांबावर चढलो.
जोड घट्ट होता.

वर्षाचे चौदाशे नव्याण्णव, आगाऊ.
ॲपला उधाण-भांग कळत नाही.
शेवटी हेमलताच्या घणसोलीच्या भाच्याचा पासवर्ड आला,
फोन उलट्या बादलीला टेकवून ठेवला,
सोळा डोकी एवढ्याशा वाळूवर.
तिसरा सेट. तेरा-बारा.
खेळाडू बाजू बदलत होत्या
आणि तिकडे भाच्याची बायको मालिका बघायला बसली.
एका वेळी एकच पडदा, असं लिहून आलं,
नम्रपणे.

हसुरामनं एकदा विचारलं होतं,
या सारख्या इकडून तिकडं का जातात?
म्हटलं, वाऱ्यासाठी.
एकीच्याच पाठीशी वारा, एकीच्याच डोळ्यात ऊन
असं होऊ नये म्हणून.
तो बराच वेळ बघत राहिला.
मग म्हणाला, "कायदा चांगला हाय. कंच्या सरकारनं केला?"
त्याची भातखाचरं जिथे होती
तिथे आता चौदा मजले आहेत आणि आत जायला कार्ड लागतं.
हे तो बोलला नाही. मीच आता बोलतोय.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता
प्रमिला टोपली धुऊन आली, पदर खोचला,
म्हणाली, "तेरा-बारा ना?"
खरा निकाल एव्हाना कुठेही मिळाला असता,
कोणी शोधला नाही.
गल्लीतल्या दोन पोरी पलीकडे उभ्या राहिल्या,
त्यांना तेरा दिले, या दोघींनी बारा घेतले,
वारा खाडीकडून.

मी वहीचं मागचं पान उघडलं.
तेरा-तेरा.
चौदा-तेरा.
हेमलतानं मूठ दाखवली, प्रमिलाला ती दिसली नाही,
चेंडू दोघींच्या मधून गेला, रेतीला लागला की बाहेर
यावर भांडण चालू असतानाच
घरंगळत तिवरांच्या चिखलात पडला.

ओहोटी आहे.
हेमलता गुडघाभर आत उतरली आहे,
हातात बांबू.
पोरी म्हणतात, आम्ही जिंकलो.
प्रमिला म्हणते, चेंडूवरची रेती बघू दे आधी.
पेन्सिल माझ्या कानामागे आहे.
थांबलोय.